न घेतलेलं नाव

भंडाऱ्याच्या मोठ्या बाजारात श्यामरावांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, आणि भांडं बांधून देण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एकच प्रश्न विचारत, "नाव काय टाकू?" कोणी घाईत असलं, राहू द्या म्हणालं, तर श्यामराव कोरायचं मशीन हातात घेऊन त्याला हसत हसत बसवून घेत आणि सानगडीच्या एका माणसाचा किस्सा सांगत. त्या माणसानं पोरीच्या लग्नाच्या पंगतीसाठी याच दुकानातून पाणी भरायची नवी कोरी गुंडं नेली, नाव टाकायला मात्र वेळ नाही म्हणाला, आणि लग्न आटोपल्यावर ती गुंडं शोधत गावभर फिरला. दिसत होती सगळीकडे, याच्या अंगणात, त्याच्या ओसरीवर. पण माझं म्हणून एकावरही हात ठेवता येईना. "गुंड चोरीले नाही गेले बरं," श्यामराव शेवटी म्हणत, "फक्त त्याचे राहिले नाही." तोवर गिऱ्हाइकानं नाव सांगितलेलं असे.

श्यामराव दहावीच्या पुढे गेले नव्हते, पण हात आणि डोकं रिकामं ठेवायची त्यांना सवय नव्हती. वजनकाटा बिघडला तर ते स्वतः उघडत, घरचं इन्व्हर्टर त्यांनीच बसवलेलं, आणि जी गोष्ट बाजारात तयार मिळते ती मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून अर्ध्या खर्चात घरी करता येते, यावर त्यांची श्रद्धाच होती. चाळीसेक वर्षं त्यांचा दिवस एका ठरल्या रीतीनं संपत आला होता. दिवेलागणीला दुकानाचं शटर ओढायचं, स्कूटर खात रोडच्या घरासमोरच्या कडुनिंबाखाली लावायची, फाटकाची कडी दोनदा वाजवायची आणि घसा खाकरायचा. तो आवाज ऐकला की शकुनबाई हातातलं काम टाकून डोक्यावर पदर घेत आणि पितळी लोट्यात पाणी घेऊन दारात येत. शेजारच्या कलाबाई थट्टा करत, की अवो, अजून नव्या नवरीवानी पदर काय घेता, तर शकुनबाई नुसत्या हसत.

गेल्या दिवाळीपासून ते थांबलं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडलं, मग करडीच्या माहेरच्या भावांची नावं उलटसुलट झाली, आणि एका संध्याकाळी कडी वाजल्यावर त्या जागच्या उठल्याच नाहीत; बसल्या ठिकाणाहून श्यामरावांकडे पाहत राहिल्या, बसच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाकडे पाहावं तशा. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि निघताना सरळच सांगितलं की हे मागे फिरणारं नाही, फक्त हळू करता येईल. जुने फोटो दाखवा. माणसांची नावं त्यांच्याच तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगू नका. जे नाव त्या स्वतः घेतील ते जास्त दिवस राहील.

फोटो लोखंडी ट्रंकेत होते आणि अल्बमांना वाळवी लागली होती. पुण्याला नोकरी करणारी मुलगी शालू फोनवर म्हणाली, "बाबा, सगळे मोबाइलवर काढा आणि ऑनलाइन टाकून द्या. महिन्याचे थोडे पैसे लागतात फक्त."

"आपलेच माणसं पाहाले महिन्याचं भाडं देऊ?" श्यामराव म्हणाले. "अन् एखाद महिन्यात भाडं थकलं तं काय, सामान बाहेर फेकतीन का आपलं?"

"मग काय करणार?"

"घरीच गोदाम बांधतो."

भंगारवाल्या कैलाशकडे त्यांना हवा तो डबा मिळाला. कुठल्याशा बँकेनं काउंटरवरचे जुने छोटे कॉम्प्युटर लिलावात काढले होते. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, आत पंखा नाही, आवाज नाही. असली पेटी वीज फार खात नाही आणि तिच्यात थोडी जास्त मेमरी घालून दोन हार्डडिस्क जोडल्या की घरातल्या सगळ्या मोबाइलचं आणि टीव्हीचं ती एकटी गोदाम होते, हे श्यामरावांनी व्हिडिओंतून शिकून घेतलं होतं. बंद पडलेल्या लॅपटॉपांच्या दोन हार्डडिस्कही कैलाशकडेच निघाल्या. व्यवहार रोख झाला नाही. श्यामरावांनी दुकानातली मोड दिली, म्हणजे गिऱ्हाइकांकडून बदल्यात आलेली फुटकी-तुटकी भांडी, आणि कैलाशनं तीत रीतीप्रमाणे घट कापली. भांड्याच्या धंद्यात जुनं देऊन नवं घेताना थोडं वजन कापलंच जातं, मळाचं, डागाचं, वितळताना उडून जाणाऱ्याचं. त्यावर कोणी भांडत नाही.

"शेठ, एवढ्याशा डब्ब्यात काय ठेवसान?" कैलाशनं विचारलं.

"घर ठेवतो," श्यामराव म्हणाले.

तरीही दुसऱ्या डिस्कसाठी थोडं वर द्यावं लागत होतं. म्हणून खिडकीच्या उजेडात मोबाइल धरून एकेक फोटो टिपून झाल्यावर ते वाळवी लागलेले अल्बमही त्यांनी रद्दी म्हणून कैलाशच्या काट्यावर ठेवले. फोटो आता पेटीत येणारच होते, मग कागद कशाला सांभाळायचा, असा तो साधा हिशेब होता.

पेटी जुळवायला आठवडाभर गेला आणि त्या आठवड्यात श्यामराव फार सुखात होते. पेनड्राइव्हवर फुकटची प्रणाली उतरवून घेतली, ती दोनदा अडकली, तिसऱ्यांदा चालली. एका डिस्कवर जे येईल त्याची नक्कल आपोआप दुसरीवर व्हावी अशी सोय केली, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. पेटी गरम होते असं दिसल्यावर त्यांनी तिचं बूड उघडून तिला एका जाड पितळी ताटावर बसवलं. पितळ गरमी ओढून घेतं हे त्यांना कोणत्याही व्हिडिओनं शिकवायची गरज नव्हती. प्लगला मीटर लावून पाहिलं तर झिरोच्या बल्बापेक्षाही कमी वीज. दिवाणखान्यात टीव्हीशेजारच्या फळीवर, इन्व्हर्टरच्या जोडावर ती पेटी बसली आणि तिचा एक बारीक हिरवा दिवा लागला. लाइट गेली तरी तो जळत राही. श्यामरावांनी शालूला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, दुकानातल्या एका कढईच्या किमतीत.

त्या प्रणालीत एक सोय होती, जिच्यामुळे डॉक्टरांचं सांगणं त्यांना फारच सोपं वाटलं. सगळे फोटो चाळून ती चेहरे वेचून काढी, एकाच माणसाचे चेहरे एका ढिगात घाली, आणि प्रत्येक ढिगावर एक गोल चेहरा लावून खाली लिही, 'नाव टाका'. श्यामराव खदखदून हसले. हे तर त्यांचंच दुकान होतं. नाव टाइप करायचीही गरज नव्हती. मोबाइल तोंडाजवळ धरून बोललं की अक्षरं उमटत. बिचाऱ्या जुन्या पेटीला चेहरे वेचायला बरेच दिवस लागले आणि निघाले ते शेकड्यांनी. लग्नातले बँडवाले, आचारी, जत्रेत मागून जाणारे कोणकोण. डिस्क लहान होत्या. तेव्हा श्यामरावांनी नेटवरून चार ओळी उचलून एक नियम बसवून टाकला, की ज्या चेहऱ्याला महिनाभरात नाव पडणार नाही तो कचऱ्यात जाईल आणि कचरा आपोआप रिकामा होईल. नाव नसलेल्या भांड्यासाठी जागा अडवायची नाही, ही दुकानाचीच रीत होती.

दुपारी बाजार थंडावला की ते घरी येत आणि दोघं टीव्हीसमोर बसत. पहिले काही दिवस तर असे गेले की डॉक्टर चुकले असावेत असं वाटावं. शकुनबाई पडद्याकडे बोट करत आणि नावं एकामागून एक येत. "हे आमची शालू. हे कला. हा कवडूदादा, करडीचा, बैलानं मारलं होतं न त्याले." स्वतःचा चेहरा आला तेव्हा त्या थबकल्या, मग म्हणाल्या, "हे मीच, शकुन. किती वाळली होती मी, अं?" मोबाइलवर उमटलेलं 'शकुन' हे नाव श्यामरावांनी जरा जास्त वेळ पाहिलं.

मग सगळ्यांत मोठा ढीग आला. गोल चौकटीत श्यामराव होते, काळ्या मिशांचे, शर्टाच्या खिशाला पेन लावलेले.

"हे कोन आहे?" त्यांनी विचारलं.

शकुनबाईंनी पडद्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "तुमाले नाई माहीत का?"

"मले माहीत आहे. मशीनले सांगा लागते."

"काही बी! घरवाल्याचं नाव घेते का बाई?"

"उखाण्यात तं घेते."

"मी घेतलं होतं का?"

घेतलं नव्हतं. लग्नात बायका अडवून बसल्या होत्या, गूळ हातात धरून, आणि शकुनबाईंनी मान वर केलीच नव्हती. शेवटी श्यामरावांच्या आईनंच सोडवलं होतं, की पोरीले त्रास नका देऊ. पुढेही कधी नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात कोणी नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या पिशवीतला कागद पुढे करत, नाही तर सोबतच्या बाईला कोपरानं ढोसून सांगायला लावत. श्यामरावांना तेव्हा त्याचं हसू येई. आता मात्र, त्या दुपारी, त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि तिथेच बसून राहिली. हे सगळं पुसलं जाण्याआधी एकदा तिच्या तोंडून आपलं नाव ऐकावं. त्यांना स्वतः टाइप करता आलं असतं, अक्षरं ती केवढीशी. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे नाव त्या स्वतः घेतील तेच राहील. त्यांनी 'नंतर' दाबलं.

मग तो रोजचा खेळच झाला. तो चेहरा आला की त्या लाजत आणि ते 'नंतर' दाबत, आणि त्यात त्यांना एवढं समाधान वाटे की आपण नियम बसवला आहे हे ते साफ विसरून गेले. ती लाजते म्हणजे तिला आठवतं, एवढंच त्यांना दिसत होतं.

एका दुपारी रावणवाडीच्या धरणावरचा फोटो आला. शालू सातवी-आठवीत असेल, कठड्यापाशी उभी, शेजारी शकुनबाई, मागे पाणी. श्यामराव सहज पाहत होते आणि मग सरळ बसले. तो फोटो त्यांना चांगला आठवत होता. चहाच्या टपरीवाल्याच्या हातात कॅमेरा देऊन ते स्वतः पोरीच्या मागे उभे राहिले होते, तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून. फोटोत पोरीच्या मागे कठडा होता आणि कठड्यामागे पाणी. काही कापलेलं नव्हतं, कुठे डाग नव्हता. फक्त शालूचा डावा खांदा किंचित खाली झुकला होता, वर कशाचं तरी वजन असावं तसा.

त्यांनी चेहऱ्यांचं पान उघडलं. तो मोठा ढीग तिथे नव्हता. मग त्यांना नियम आठवला; महिना केव्हाच उलटला होता. कचरा उघडला, रिकामा. दुसरी डिस्क पाहिली; पहिलीवरून जे गेलं ते दुसरीवरूनही इमानानं गेलं होतं. एकट्याचे फोटो गेले हे समजण्यासारखं होतं, चूक आपलीच. पण ज्या फोटोंत नाव पडलेली माणसं होती ते तर जागच्या जागी होते, नवे कोरे, आणि त्यांत ते नव्हते.

त्यांनी शालूला फोन लावला. "रावणवाडीच्या फोटोत मी होतो न, बेटा?"

"कुठल्या? तो कठड्याजवळचा? तो तुम्हीच काढला होता ना, बाबा."

"टपरीवाल्यानं काढला होता."

शालू हसली. "अहो बाबा, तुम्ही कुठल्याच फोटोत नसता. कॅमेरा कायम तुमच्या हातात. मी तर मैत्रिणींना सांगते, आमच्या बाबांचा फोटो म्हणजे आमचेच फोटो."

हे त्यांना पटलंही. फोटो काढणारा माणूस फोटोत कसा येईल. त्या विचारावर ते संध्याकाळपर्यंत बरे होते. मग त्यांनी लग्नाचा फोटो उघडला. शकुनबाई पाटावर उभ्या होत्या, मान खाली, गळ्यात हार पडलेला. समोर दुसरा पाट होता, आणि त्यावर अक्षता सांडल्या होत्या. आपल्या लग्नात कॅमेरा काही आपल्या हातात नव्हता, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडताच ते कैलाशकडे गेले. रद्दी केव्हाच नागपूरला गेली होती. "पर मी पाहिले होते ते अल्बम, शेठ," कैलाश काट्यावरचा पत्रा सरकवत म्हणाला. "प्लास्टिक वेगळं करा लागते न, तं पानं चाळल्या जाते. मले वाटलं, कोणा एकट्या बाईच्या घरचे असतीन. माणूस नाई दिसला कोणी त्यात." मग त्यानं मान वर करून नीट पाहिलं. "तुमच्या घरचे होते का? तुमीच आणले होते का ते?"

श्यामराव तसेच मागे फिरले. घरी येऊन त्यांनी फडताळातला पितळी लोटा काढला. लग्नात त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं त्यावर दोघांची नावं कोरली होती, ठसठशीत, एकाखाली एक. शकुनबाईंचं नाव होतं. वरची जागा गुळगुळीत होती. रोज चिंच लावून घासलेला लोटा, नाव झिजणारच, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि लोटा उजेडात फिरवून फिरवून पाहिला. धंद्यात जन्म गेला होता. एकाच हातानं, एकाच खोलीची कोरलेली दोन नावं, त्यांतलं एकच झिजतं, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते फार नीट लक्ष देऊ लागले, आणि लक्ष दिलं की दिसायला काय कमी असतं. दुकानासमोर जुनी गिऱ्हाइकं क्षणभर घुटमळत आणि विचारत, मालक कुठं गेले. कलाबाई दुपारी चहा करायला येत त्या दोनच कप भरून आणत, एक शकुनबाईंचा, एक स्वतःचा; मग अर्ध्या वाटेत थबकून, "अगंबाई, भाऊ तुमी पन आहा न," असं म्हणत मागे वळत. तेव्हा त्या हसत असत. पुढे पुढे हसेनाशा झाल्या.

शेवटी श्यामरावांनी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. शकुनबाईंच्या शेजारी बसून मोबाइल लांब धरला आणि दोघांचा फोटो घेतला, म्हणजे पेटी नवा ढीग लावील आणि या वेळी आपण स्वतःच नाव टाइप करू, लाज गेली खड्ड्यात. फोटोत ते दिसत होते. थकलेले, दाढी वाढलेली, पण होते. पेटीनं फोटो घेतला, हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला, आणि फोटोखाली तिनं वेचलेला चेहरा आला. एकच होता, खाली 'शकुन' लिहिलेला. खिडकी मागे आहे, उजेड चुकला असेल, म्हणून त्यांनी जागा बदलून पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. दर वेळी ती चौकट शकुनबाईंच्या चेहऱ्यावर अचूक बसे आणि शेजारच्या चेहऱ्यावरून, भिंतीवरून जावी तशी, निघून जाई.

"कला," शकुनबाई स्वयंपाकघराकडे पाहत हळूच म्हणाल्या, "हे मशीनवाले भाऊ कवा जातीन? रोजच येऊन बसते."

"असं नाई म्हनत, ताई," आतून कलाबाईंचा आवाज आला. मग नुसतं भांड्यांचं वाजणं. "बसू द्या. तुमचे मालक येतीन न आता दुकानातून. मंग जातीन ते."

श्यामराव उठले आणि त्यांनी पेटीची पिन ओढली.

हिरवा दिवा विझला आणि टीव्ही काळा झाला. त्यांना वाटलं होतं काहीतरी सुटेल, छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. शकुनबाई काळ्या पडद्याकडे पाहत होत्या आणि त्यांचा श्वास वाढत चालला होता. "माझे लोकं कुठी गेले?" त्या म्हणाल्या. "पोरगी होती इथं आता. दादा होता. कुठी नेले हो सगळ्याईले?" त्या उठून पडद्याला हातानं चाचपू लागल्या, त्यामागे दार असावं तशा, आणि मग रडू लागल्या, लहान पोर बाजारात चुकल्यावर रडतं तसं, कोणाकडेही न बघता. कलाबाईंनी धरलं तरी आवरेनात. श्यामरावांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो झटकला आणि अंग चोरून कलाबाईंच्या आड गेल्या.

पिन त्यांच्या हातात होती. त्यांच्यासारख्या व्यापारी माणसाला हा सौदा समजायला वेळ लागला नाही. इकडे तिची सगळी माणसं होती, भाऊ, पोर, शेजार, माहेरची विहीर, सगळं नावानिशी. तिकडे ते एकटे होते, आणि तेही परत मिळणारच नव्हते. त्यांनी पिन लावली. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं पडद्यावर शालू आली, मग कवडूदादा, आणि शकुनबाईंचं रडं ओसरलं. "हे आमची शालू," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

कलाबाई आपल्या घरी गेल्या. ऊन उतरलं. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली स्कूटर दुपारपासून उभी होती, तिच्या सीटवर निंबाची पिवळी पानं पडली होती. श्यामराव टीव्हीपासून थोडं दूर, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. सोफ्यावर बसलं की शकुनबाई सरकून घेत. पडद्यावर लग्नाचा फोटो आला आणि त्यांना राहवलं नाही.

"हे लग्न कोनाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"कोनाशी झालं?"

शकुनबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नजर स्वच्छ होती, कित्येक महिन्यांत नव्हती इतकी. श्यामरावांना वाटलं, आता. आता येतंय.

"नाव घ्या एकदा," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना ओळखू येईना. "फक्त एकदा घ्या. मी पाया पडतो तुमच्या."

"अवो भाऊ," शकुनबाई म्हणाल्या, रागानं नाही, परक्या माणसाला समजावून सांगावं तसं. "चाळीस वर्षं संसार केला, त्याईच्यासमोर कधी नाव घेतलं नाई. आता परक्या मानसासमोर घेऊ?"

श्यामरावांनी मांडीवरचा रिमोट हातात घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता येतीनच ते. शटर ओढून निघाले असतीन."

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. बाहेर दिवेलागण झाली होती. कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली, रस्त्यावरून एक ऑटो गेला, आणि मग खात रोडच्या वळणावर एका स्कूटरचा आवाज आला. गिअर बदलताना एक आचका बसे तसा तो मध्येच अडखळला. श्यामराव त्या आवाजाला वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. निंबाखाली पानं पडली होती, वाळकी, पिवळी, आणि मधोमध, स्कूटर उभी होती तिथे, एक लांबट कोरी जागा होती.

स्कूटर फाटकाशी थांबली. कडी एकदा वाजली. मग दुसऱ्यांदा. आणि कोणीतरी घसा खाकरला.

शकुनबाई उठल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, तो कपाळापर्यंत नीट ओढला, लोट्यात पाणी भरलं आणि चेहरा उजळून त्या दाराकडे निघाल्या. जाताना खुर्चीपाशी क्षणभर थांबून हळूच म्हणाल्या, "म्हटलं न मी."

पायरीवर चपला काढल्याचा आवाज झाला. श्यामरावांनी हातातला रिमोट जागच्या जागी ठेवला, शर्ट सारखा केला, आणि घरधनी आत येताना पाहुण्यानं उठावं तसे ते खुर्चीतून उठून उभे राहिले.